अमेरिकेत घरचं माणूस अटकेत: बेल बॉन्डबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही आणि बेल एजंटही नाही. कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आसपास वीसेक वर्षं काढली आणि एकदा आतेभावासाठी बेल बॉन्डवर, म्हणजे फी घेऊन जामीन राहणाऱ्याच्या हमीपत्रावर, सही केली, एवढीच माझी पात्रता. ती गोष्ट ओळखीपाळखीत पसरली आणि तेव्हापासून असे फोन माझ्याकडे वळवले जातात. कधी नाशिकहून, कधी सांगलीहून, कधी इथल्याच पलीकडच्या गल्लीतून. प्रश्न तेच असतात, घाईही तीच. म्हणून एकदाचं लिहून काढलंय. उत्तरं मुख्यतः कॅलिफोर्नियाची आहेत. राज्य बदललं की नियम बदलतात, ते पुढं वेगळं सांगितलंय.

"पोलिसांनी नेलं" एवढंच कळलंय. आधी काय करायचं?

आधी तो कुठं आहे ते शोधायचं. पकडतात शहराचे पोलीस, पण ठेवतात बहुतेक वेळा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तुरुंगात, आणि तो तुरुंग शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतो. सॅन होजेत पकडलेला माणूस तिथल्या मेन जेलमध्ये नाहीतर मिल्पिटासच्या एल्मवुडमध्ये सापडतो. फ्रीमाँटचा असेल तर डब्लिनच्या सँटा रिटा जेलमध्ये. शेरीफच्या वेबसाइटवर कैद्याचं नाव शोधायची सोय असते, पण ठसे, फोटो, नोंदी हे सगळं, म्हणजे 'बुकिंग', उरकेपर्यंत नाव दिसत नाही. त्यात काही तास सहज जातात. तेवढ्यात घाबरून दहा ठिकाणी फोन करू नका.

आपल्या नावांचा इथं हमखास घोळ होतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच स्पेलिंग घालून बघा, मग आडनाव आणि वडिलांचं नाव उलटसुलट करून बघा. माझ्या आतेभावाचं नाव चार तास सापडेना. शेवटी लक्षात आलं की नोंदीत आमच्या मामांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, नाव आडनाव म्हणून बसलंय. (हो, आतेभावाच्या वडिलांना आम्ही मामाच म्हणतो, घरात तशीच सवय पडली आहे.)

सापडलं की चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: बुकिंग क्रमांक (सॅन होजेच्या सँटा क्लारा आणि फ्रीमाँटच्या अलमिडा काउंटीत याला पीएफएन म्हणतात), आरोपाचं कलम, बेलची रक्कम आणि कोर्टाची तारीख. यापुढं वकील असो की बेल एजंट, पहिल्या मिनिटात हेच चार विचारतो.

त्याचा फोन आला तर काय बोलायचं?

कॅलिफोर्नियात अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करू देण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे: वकिलाला, बेल एजंटला, नातेवाइकाला. घरी आलेल्या फोनवर फक्त एवढंच बोला: "जेवलास का, औषधं मिळाली का, आम्ही बघतोय, पोलिसांशी वकिलाशिवाय बोलू नकोस." काय घडलं ते विचारू नका. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात. "मराठीत बोललो तर त्यांना काय कळणार" असं मला तीन जणांनी विचारलंय. सरकारी वकिलाला दुभाष्या मिळतो, आणि मराठीचा दुभाष्या मिळणं या भागात अवघड नाही.

बेल म्हणजे आपला जामीनच ना?

कल्पना तीच, रीत वेगळी. आपल्याकडे कोर्ट जामीनदार मागतं. तो ओळखीचा माणूस असतो, सोबत त्याचं रेशनकार्ड, सातबारा नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. जामीन राहण्याचे पैसे घेणं हा आपल्याकडे गैरप्रकार आहे. कोर्टाच्या आवारात फिरणारे भाडोत्री जामीनदार अधूनमधून पकडले जातात, आणि याआधी किती जणांना जामीन राहिलो हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं ते त्याचसाठी.

अमेरिकेत तोच भाडोत्री जामीनदार परवानाधारक व्यावसायिक आहे. त्याला बेल बॉन्ड्समन म्हणतात, कॅलिफोर्नियातला अधिकृत शब्द बेल एजंट. असा खुला धंदा जगात अमेरिका आणि फिलिपिन्स या दोनच देशांत चालतो असं सांगितलं जातं. त्याची सुरुवात आमच्याच भागातली: १८९० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत मॅकडोनो बंधूंचा गुत्ता होता, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर. वकिलांच्या अशिलांसाठी ते जामिनाचे पैसे भरायला लागले आणि पुढं दारूपेक्षा तोच व्यवसाय मोठा झाला.

रक्कम ठरते ती तक्त्यावरून. प्रत्येक काउंटीचं सुपीरियर कोर्ट दरवर्षी 'बेल शेड्यूल' काढतं, कलमासमोर आकडा. न्यायाधीशासमोर उभं राहण्याआधी हाच आकडा लागू असतो. त्यामुळे एकच आरोप आणि शेजारशेजारच्या दोन काउंट्या असल्या तरी रक्कम वेगळी निघू शकते.

बॉन्ड्समनला किती द्यावे लागतात?

साधारण बेलच्या १० टक्के. बेल ५०,००० डॉलर असेल तर ५,००० डॉलर त्याची फी. पूर्ण रकमेची हमी तो कोर्टाला लिहून देतो आणि त्याच्यामागं एक विमा कंपनी उभी असते. म्हणूनच कॅलिफोर्नियात बेल एजंटचा परवाना विमा खातं देतं आणि दरही त्यांच्याकडे नोंदवावे लागतात. खासगी वकील केला असेल तर बऱ्याच कंपन्यांचा दर ८ टक्क्यांपर्यंत उतरतो. विचारा, ते आपणहून सांगत नाहीत. पण कोणी "५ टक्क्यांत करून देतो" म्हणाला तर ती सवलत नसून बहुधा पहिला हप्ता असतो, बाकीचं कर्ज.

परवाना क्रमांक विमा खात्याच्या साइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. तो तपासण्याआधी कार्ड क्रमांक सांगू नका.

हे १० टक्के नंतर परत मिळतात का?

नाही. खटला चालला, नाही चालला, निर्दोष सुटला, दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलानं आरोपच दाखल केले नाहीत, तरीही नाही. ती ठेव नसून फी आहे. सर्वांत जास्त मनस्ताप याच प्रश्नावर होतो, आणि तो पैसे भरल्यानंतर विचारला जातो.

मग लगेच बॉन्ड घ्यावा की थांबावं?

इथं मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण पाच हजार डॉलर जातात किंवा वाचतात ते याच ठिकाणी.

अटकेनंतर ४८ तासांत आरोपीला न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. त्याला अरेनमेंट म्हणतात. पण रविवार आणि सुट्ट्या त्या ४८ तासांत धरत नाहीत. बुधवारी सकाळी अटक झाली तर शुक्रवारपर्यंत सुनावणी. शुक्रवारी रात्री झाली तर सोमवार-मंगळवार उजाडतो, आणि सोमवारी सुट्टी असेल तर आणखी एक दिवस. पोलिसांना हे कळत नाही असं नाही, पण शुक्रवारच्या अटकेमागं कट शोधू नका. भांडणं आणि पार्ट्या दोन्ही शुक्रवारीच होतात.

अरेनमेंटला तीन गोष्टी घडू शकतात. न्यायाधीश पैसे न घेता, हजर राहण्याच्या वचनावर सोडतो. आपल्याकडच्या जातमुचलक्याच्या जवळचा हा प्रकार, इथले वकील त्याला 'ओआर' म्हणतात. किंवा बेल कमी करतो. किंवा तशीच ठेवतो, क्वचित वाढवतो. २०२१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं हम्फ्री खटल्यात सांगितलं की आरोपीची ऐपत न बघता रक्कम ठरवता येणार नाही. तो सॅन फ्रान्सिस्कोतला माणूस साठी उलटलेला होता, शेजाऱ्याकडून सात डॉलर आणि कोलोनची एक बाटली नेल्याचा आरोप होता, आणि बेल आधी ६,००,००० डॉलर, मग ३,५०,००० डॉलर. त्या निकालानंतर चांगला वकील अरेनमेंटला काही मिळवून देण्याची शक्यता वाढली आहे.

म्हणजे हिशेब असा. सुनावणी उद्या सकाळी असेल, आरोप किरकोळ असेल, आधीचं काही नसेल, नोकरी-घर पक्कं असेल, तर एक रात्र काढणं शहाणपणाचं ठरू शकतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची पहिलीच केस असेल तर बरेचदा शुद्धीवर आल्यावर तारखेचा कागद हातात देऊन सोडतात, बेलचा प्रश्नच येत नाही. लॉस एंजेलिस काउंटीत तर १ ऑक्टोबर २०२३ पासून गंभीर नसलेल्या बहुतेक आरोपांत अरेनमेंटआधी पैशांची अटच काढून टाकली आहे. उलट सुनावणी चार दिवसांवर असेल, माणूस इन्सुलिनवर असेल, किंवा सोमवारी कामावर न गेल्यास नोकरी जाणार असेल, तर बॉन्ड घ्या आणि पुढं हळहळू नका. एकदा बॉन्ड भरून बाहेर काढलं आणि नंतर न्यायाधीशानं बेल अर्धी केली, तरी फीतला एक डॉलरही परत येत नाही.

आम्ही शनिवारी पहाटे बॉन्ड भरला. आतेभावाच्या आईनं, म्हणजे माझ्या आत्यानं, पुण्याहून फोनवर एकच वाक्य लावून धरलं होतं: "एक रात्रसुद्धा आत ठेवू नकोस रे." मी ऐकलं. त्याला सोमवारी कोर्टात काय मिळालं असतं हे आता कोणी सांगू शकत नाही.

आपणच पूर्ण रक्कम भरली तर?

भरता येते. कॅशियर्स चेकनं (आपल्या बँक ड्राफ्टसारखा) तुरुंगात किंवा कोर्टात. तो सगळ्या तारखांना हजर राहिला तर खटला संपल्यावर पैसे परत येतात, काही आठवडे लागतात. रक्कम २,००० ते ५,००० डॉलर असेल आणि बँकेत असेल तर बॉन्ड्समनकडे जायचं कारण नाही. पावतीवर नाव कोणाचं आहे ते मात्र नीट बघा, परतावा त्याच नावानं येतो, आणि आरोपीच्याच नावानं भरलेत तर त्यातून दंड वळता होऊ शकतो.

घर तारण ठेवूनही बेल देता येते, पण कॅलिफोर्नियात घरातला तुमचा निव्वळ हिस्सा बेलच्या दुप्पट लागतो आणि मूल्यांकनाचे कागद जमेपर्यंत आठवडा जातो. फारसं कोणी करत नाही.

को-साइन (हमीदार म्हणून सही) करायला सांगतायत. नुसती सहीच ना?

सही म्हणजेच सगळं. फी पाच हजारांची असली तरी सही पन्नास हजारांची असते.

मेन जेलच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये अशी ऑफिसं चोवीस तास उघडी असतात. आम्ही गेलो तेव्हा पहाटेचे सव्वाबारा... नाही, सव्वा वाजला होता. काउंटरमागं साखरेच्या गोळ्यांचा वाडगा, भिंतीवर परवाना फ्रेम केलेला, आणि एक अतिशय सौजन्यानं बोलणारी बाई. तिनं क्लिपबोर्डवर अकरा-बारा पानं दिली आणि जिथं सही करायची तिथं पिवळ्या चिकटपट्ट्या आधीच लावून ठेवल्या होत्या. त्या पट्ट्यांमुळे माणूस पान वाचतच नाही, पट्टी शोधतो. मीही तेच केलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की मी काय काय कबूल केलंय: तो पळाला तर बेलची पूर्ण रक्कम, त्याला शोधण्याचा खर्च, त्यांच्या वकिलाचा खर्च, शिवाय माझा क्रेडिट रिपोर्ट आणि नोकरीची माहिती कधीही तपासायची परवानगी.

त्यामुळे सही करण्याआधी हे विचारा आणि उत्तर कागदावर दाखवायला सांगा: फी एकरकमी की हप्त्यांनी, हप्त्यांवर व्याज किती, फीशिवाय आणखी कुठले आकार आहेत, तारण काय घेताय, आणि ते कधी सोडणार. घरावर बोजा चढवत असतील तर तो काउंटीच्या दप्तरी नोंदला जातो. खटला संपला की तो आपोआप उतरला असं समजू नका, उतरवल्याचा कागद मागून घ्या. हप्त्यांचं कर्ज असेल तर को-साइन करणाऱ्याला सहीआधी वेगळी सूचना देणं कॅलिफोर्नियात बंधनकारक आहे. ती मिळाली नसेल तर वकिलाला आवर्जून सांगा.

आणि एक, नातं सांभाळून सांगतो. ज्या माणसाला तुम्ही पुढची दोन वर्षं तारखेच्या आदल्या दिवशी फोन करू शकणार नाही, त्याच्यासाठी सही करू नका. पैसे द्या हवे तर. "मंडळातले आहेत", "गावचे आहेत" हे सहीचं कारण होत नाही. याबद्दल दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलंय, सोडू दे.

तारखेला गेला नाही तर काय होतं?

न्यायाधीश वॉरंट काढतो आणि बॉन्ड जप्तीला जातो. पण लगेच पैसे मागत नाहीत. कॅलिफोर्नियात बॉन्ड्समनला साधारण १८० दिवस मिळतात, तेवढ्यात माणूस हजर झाला तर बॉन्ड वाचतो. म्हणून तारीख चुकली, ट्रॅफिकमध्ये अडकला, चुकीच्या कोर्टरूममध्ये बसून राहिला (हेही घडतं) तर त्याच दिवशी वकील आणि बॉन्ड्समन दोघांनाही फोन करा. एका दिवसाची चूक बहुतेक वेळा निस्तरते. महिनाभर गप्प बसलात तर नाही.

माणूस खरंच पळाला तर बॉन्ड्समन शोधणारी माणसं लावतो, ज्यांना सगळे बाउंटी हंटर म्हणतात. १८७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेलर विरुद्ध टेंटर या खटल्यात जामीनदाराला त्याचा माणूस दुसऱ्या राज्यातूनही धरून आणायचा अधिकार मान्य केला, त्याच अधिकारावर ही जमात चालते. टीव्हीवर दिसतं तेवढं नाट्य नसतं. बहुतेकदा ते को-साइन करणाऱ्याच्या दारावरची बेल वाजवतात.

नवरा-बायकोच्या भांडणात नेलंय. सुनेनं तक्रार मागे घेतली की सुटेल ना?

नाही. आपल्या लोकांकडून येणाऱ्या फोनांपैकी निम्मे याच प्रश्नाचे असतात आणि सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजानं होतं.

आधी हे समजून घ्या की खटला सून चालवत नाही, सरकार चालवतं. डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे काउंटीचा सरकारी वकील, ठरवतो आरोप ठेवायचे की नाही. ती नको म्हणाली तरी खटला उभा राहू शकतो, आणि ९११ ला तिनं नव्हे, शेजाऱ्यानं फोन केलेला असला तरीही. दुसरं, असल्या आरोपात बहुतेक वेळा संरक्षण आदेश निघतो. पोलिसांनी रात्रीच मिळवलेला तातडीचा आदेश जेमतेम आठवडाभर टिकतो, पण अरेनमेंटला न्यायाधीश खटला संपेपर्यंतचा लांब आदेश देऊ शकतो. त्यात सहसा घरी जायचं नाही, फोन-मेसेज नाही, आणि तिसऱ्या माणसामार्फत निरोपही नाही.

आता नाशिकच्या सासूबाईंचा विचार करा. त्या प्रेमानं सुनेला फोन करतात: "झालं गेलं विसर, पोलिसांना सांग काही नव्हतं म्हणून." मुलानं सांगून केला असेल तर आदेशाचा भंग. आपणहून केला तरी साक्षीदारावर दबाव आणल्याचा मुद्दा उभा राहतो आणि कॅलिफोर्नियात तो स्वतंत्र गुन्हा आहे. बेल रद्द होऊन मुलगा पुन्हा आत जाऊ शकतो. व्हॉट्सअॅपवरचा कुटुंबाचा गट त्या रात्रीपासून गप्प ठेवा. सुनेला त्या गटातून काढूनही टाकू नका, तेही नंतर कोर्टात वाचून दाखवलं जाईल.

बाहेर येणाऱ्या माणसाला राहायला दुसरी जागा आधी बघा. आतेभावाचीही केस अशीच होती, तो सात महिने आमच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिला. त्याचे कपडे आणि लॅपटॉप आणायला पोलिसांना सोबत घेऊन जावं लागलं, वीस मिनिटं दिली होती.

आणि फोन सुनेच्या माहेरून असेल, किंवा हे वाचणारी तीच असेल, तर: तो सुटणार आहे याची सूचना मिळवण्याची व्यवस्था काउंटीत असते, तिथं नाव नोंदवा. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात 'मैत्री' ही संस्था १९९१ पासून आणि न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतात. देशभरची घरगुती हिंसाचार हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३. मी भावासाठी सही केली, पण वहिनीला तो आदेश मिळाला हे योग्यच झालं असं मला तेव्हाही वाटत होतं.

एच-१बी व्हिसाचं काय होईल?

नुसत्या अटकेनं दर्जा जात नाही. पण दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खातं पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकतं. तसं झालं तर इथलं राहणं लगेच संपत नाही, मात्र भारतात गेलात की नव्यानं स्टँपिंग, म्हणजे व्हिसाचा शिक्का, घ्यावं लागतं आणि तिथं अडकण्याची भीती असते. व्हिसाच्या अर्जात अटकेचा प्रश्न असतोच, खटला मागे घेतला तरी उत्तर "हो" असंच.

खरा धोका दोषी ठरण्यात आहे, आणि "गुन्हा कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा" या तडजोडीत. घरगुती हिंसाचारातली शिक्षा ग्रीनकार्ड असलेल्यालाही हद्दपारीला पात्र ठरवू शकते. पडीया विरुद्ध केंटकी खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा परिणामांची कल्पना देणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तेव्हा आपल्या वकिलाला इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलायला लावा, कबुलीच्या आधी. बॉन्ड भरण्याआधी "इमिग्रेशन होल्ड आहे का" (इमिग्रेशन खात्यानं त्याला त्यांच्या ताब्यात देण्यासाठी धरून ठेवायला सांगितलंय का) हेही तुरुंगात विचारा. असेल तर बेल भरूनही माणूस घरी येईलच असं नाही. इमिग्रेशनचा बॉन्ड हे वेगळंच प्रकरण, त्याची किमान रक्कम १,५०० डॉलर आणि तो काउंटीच्या बेलमध्ये मिसळत नाही.

भारतीय नागरिक असेल तर वकिलातीला कळवा असं सांगण्याचा त्याला हक्क आहे. वकिलात बेल भरत नाही, खटला थांबवत नाही. वकिलांची यादी देते आणि विचारपूस करते. तेवढ्यावर विसंबू नका.

आम्ही न्यू जर्सीत (शिकागोत, टेक्सासात) आहोत. हेच नियम का?

नाहीत. न्यू जर्सीनं १ जानेवारी २०१७ पासून पैशांची बेल जवळजवळ बंद केली. एडिसनमध्ये अटक झाली तर बॉन्ड्समन शोधत फिरू नका. तुरुंगात पाठवलं असेल तर ४८ तासांत सोडायचं की नाही याचा निर्णय होतो, अटी घालून सोडतात किंवा सरकारी वकील आत ठेवायची मागणी करतो. तिथं पैसे वकिलावर घाला.

इलिनॉयनं तर १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख बेल पूर्णच काढून टाकली, तसं करणारं ते पहिलं राज्य. केंटकी, ओरेगन, विस्कॉन्सिन इथं बेल आहे पण बॉन्ड्समनचा धंदा चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२० पासून बऱ्याच किरकोळ आरोपांत पैसे मागता येत नाहीत. टेक्सासात, जॉर्जियात, वॉशिंग्टन राज्यात बॉन्ड्समन आहेत आणि जोरात आहेत. कॅलिफोर्नियातही २०१८ साली बेल रद्द करायचा कायदा झाला होता, पण बेल उद्योगानं सार्वमत घडवून आणलं आणि २०२० साली मतदारांनी तो फेटाळला. फेडरल कोर्टाची केस असेल तर कुठल्याही राज्यात बॉन्ड्समनची गरज सहसा पडत नाही.

भारतातून पैसे पाठवतो. चालेल?

चालेल, पण वेळेत पोचणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, अडचण मर्यादेची नाही. अडचण ही की तुमच्याकडे शनिवार-रविवार, इथं शनिवार-रविवार, आणि मधे फॉर्म. इथल्या कोणा नातेवाइकानं आज भरावं आणि तुम्ही त्याला सावकाश पाठवावं, हेच व्यवहार्य.

आणि सावध राहा. "तुमचा मुलगा अटकेत आहे, मी बॉन्ड्समन बोलतोय, तासाभरात भरा, कोणाला सांगू नका" असा फोन आई-वडिलांना येण्याचा प्रकार जुना आहे. खरा बॉन्ड्समन गिफ्ट कार्ड मागत नाही, क्रिप्टो मागत नाही, आणि गुप्तता तर मुळीच मागत नाही. फोन ठेवा, मुलाच्या नंबरवर लावा, मग शेरीफच्या साइटवर नाव बघा.

वकील आधी की बॉन्ड्समन?

वकील. बॉन्ड्समनला केसबद्दल सल्ला देता येत नाही आणि देत असेल तर ऐकू नका. दोन्हींचे पैसे नसतील तर वकिलाचे ठेवा.

बॉन्ड भरला. तो कधी बाहेर येईल, आणि घ्यायला जाताना काय न्यायचं?

काही तास. लहान तुरुंगात दोन-तीन, मोठ्यात दहा-बारासुद्धा. कोणत्या दारातून सोडणार ते आधी विचारा, समोरच्या दारातून सोडतीलच असं नाही. फोन चार्जर न्या, कारण त्याचा फोन बंद पडलेला असतो. जाकीट न्या, पकडताना जे अंगावर होतं त्यातच तो बाहेर येतो. त्याची रोख रक्कम चेक किंवा कार्डाच्या रूपात परत मिळू शकते, त्यामुळे खिशात सुटे पैसे ठेवा. गाडी टो झाली असेल तर रोजचं भाडं चढत असतं, ती त्याच दिवशी सोडवा.

आतेभाऊ पहाटे तीन चाळीसला आला. हातात पारदर्शक पिशवी, तिच्यात पट्टा, बुटांच्या नाड्या आणि पाकीट. बायकोनं डब्यात फोडणीचा भात दिला होता, तो त्यानं गाडीतच खाल्ला. हायवेला लागल्यावर म्हणाला, "घरी सोड." मी म्हटलं, "कागद वाच." त्यानं चार्जर लावला, फोन सुरू झाला, आणि वहिनीचं नाव उघडण्याआधीच मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.